विंडो मारायला जाण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरचा खरा खर्च

कॉम्प्युटर हँग मारायला लागला की मध्य प्रदेशातल्या आपल्या सौंसरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं: ‘चला, विंडो मारून आणू.’ बॅगेत लॅपटॉप, खिशात पाचशेची नोट आणि दोन तासांत काम तयार. याच दोन तासांत तुमच्या तीन गोष्टी जाऊ शकतात: तुमच्या फाइली, तुमचा खरा परवाना आणि तुमचं खातं. तिन्हींची किंमत पाचशेपेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. यातली निम्मी कामं घरी, फुकट आणि दहा-पंधरा मिनिटांत होतात.

घरीच करायच्या चार तपासण्या

कागद-पेन घ्या. कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडेल. पुढच्या तीन तपासण्या याच चौकटीतून होतात, शब्द इंग्रजीत टाइप करायचे.

पहिला शब्द विनव्हर, म्हणजे डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर. एंटर मारा. विंडोज 10 आहे की 11, आणि आवृत्ती कोणती, ते दिसेल. 10 असेल तर पुढे 22एच2 लिहिलंय का बघा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

दुसरा, एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि एक्स-पी-आर. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं आलं तर बरं. एखादी तारीख आली, आणि ती सहा महिन्यांच्या आतली असली, तर बहुतेक वेळा कुणीतरी क्रॅकवर चालणारी विंडोज घातली आहे. अशा मशीनवर बँकेचं काम आज, आत्ता थांबवा. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्या उघड्या दारातून काय काय आत आलं हे तुम्हाला कळत नाही.

तिसरा, टी-पी-एम, टिंब, एम-एस-सी. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची सोय. खाली ‘2.0’ दिसलं तर मशीन विंडोज 11 च्या एका मोठ्या अटीत बसतं. ‘टीपीएम सापडत नाही’ असं आलं तरी घाबरू नका. बऱ्याच मदरबोर्डवर ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या मशीनवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम. चालू करणं दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी ‘नवीन सीपीयू घ्या लागन’ असं कुणी म्हणालं तर दुसरं दुकान बघा. मात्र बायोसला हात लावण्याआधी पुढचा बिटलॉकरचा भाग वाचून घ्या.

चौथी तपासणी: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, ‘परफॉर्मन्स’वर जा. रॅम 4 जीबी की 8, आणि डिस्क एचडीडी की एसएसडी, हे लिहून घ्या. एचडीडी लिहिलेलं दिसलं तर तुमच्या कॉम्प्युटरच्या संथपणाचं कारण जवळजवळ सापडलंच. विंडो कितीही वेळा मारा, फिरती डिस्क आहे तोवर महिन्या-दोन महिन्यांत तो पुन्हा तसाच होईल.

विंडोज 10 वाल्यांसाठी

विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन चालू राहतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबतं. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत.

एक, मुदतवाढ. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत देण्याची सोय केली आहे. तिची रक्कम 30 डॉलर किंवा तेवढे रुपये. पण पैसे न देताही ती मिळते: तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग्ज सिंक केल्या की झालं. रिवॉर्ड्सचे 1000 गुण असतील तर तेही चालतात. एका खात्यावर 10 मशीनपर्यंत ही सोय घेता येते. लागतं काय? 22एच2 आवृत्ती, खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. कुठे? सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचं बटण दिसतं. दुकानदार यासाठी वेगळे पैसे मागत असेल तर तो त्याच्या पाच मिनिटांचे मागतोय, परवान्याचे नाही.

दोन, विंडोज 11. खऱ्या, ॲक्टिव्हेट झालेल्या विंडोज 10 वरून जाणं मोफत आहे. अटी: टीपीएम 2.0, सिक्युअर बूट, 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, आणि प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन 2000 मालिकेचा किंवा त्यापुढचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं मोफत ॲप हे सगळं तपासून सांगतं. 4 जीबी ही कागदावरची अट झाली. 4 जीबीवर विंडोज 11 चालवू नका, क्रोमच्या चार खिडक्या उघडल्या की मशीन गुदमरतं. 8 करून घ्या.

अटीत न बसणाऱ्या मशीनवरही ‘जुगाड करून 11 टाकून देतो’ म्हणणारे भेटतील. ते होतं, पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलं आहे, आणि वर्षातून येणारी मोठी आवृत्ती दरवेळी हाताने चढवावी लागते. म्हणजे दरवेळी पुन्हा दुकान. कोअर टू ड्युओच्या जुन्या डब्ब्यांवर तर 24एच2 ही आवृत्ती सुरूच होत नाही.

तीन, लिनक्स मिंट. फुकट, कायदेशीर, आणि जुन्या मशीनवर खरोखर हलकं. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. 4 जीबी रॅम असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या, जास्त असेल तर ‘सिनामन’. खाली स्टार्टचं बटण, उजवीकडे घड्याळ. विंडोज 7 वापरलेल्या माणसाला एका दिवसात सवय होते. पत्रं, हिशोब, यूट्यूब, ईमेल, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर मी बेधडक हेच सुचवेन. सोबत लिब्रेऑफिस येतं, त्यात वर्डच्या फाइली उघडतात.

पण थांबा. तुमचा एमपी ऑनलाइनचा कियोस्क असेल, टॅली वापरत असाल, अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीची डोंगल लावत असाल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका. टॅली विंडोजवरच चालतं आणि या यंत्रांची ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच बनतात. कॅननचा एलबीपी 2900 घरोघरी आहे, तोही लिनक्सवर बराच त्रास देतो. एचपीचे प्रिंटर सहसा लगेच ओळखले जातात. खात्री करायला पैसे लागत नाहीत: मिंट पेन ड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, चालवून बघता येतं. वाय-फाय लागलं, आवाज आला, एक पान छापलं, मगच निर्णय घ्या.

किती लागतात?

तालुक्याच्या गावात नुसती विंडो मारायला साधारण 300 ते 600 रुपये घेतात. ही मजुरी आहे आणि ती द्यायला हरकत नाही, माणूस दोन तास बसतो. प्रश्न येतो त्यावर चढणाऱ्या रकमांचा.

‘ओरिजिनल की’चे वेगळे पैसे. तुमचा लॅपटॉप कंपनीकडून विंडोजसह आला असेल तर परवाना मदरबोर्डमध्येच असतो. पुन्हा विंडोज घातली की तो आपोआप लागतो. डिस्क बदलली तरी लागतो. की विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही, फक्त मदरबोर्ड बदलला तर गोष्ट वेगळी. असेंबल केलेल्या डब्ब्याला मात्र परवाना विकत घ्यावा लागतो आणि विंडोज 11 होमची अधिकृत किंमत दहा हजारांच्या आसपास जाते. तीनशे-चारशेला मिळणारी की यातली नसते हे तुम्हीच ओळखा. ती आज चालते, पुढे कधीही बंद पडते, आणि बिल नसल्याने तक्रार कुठे करायची हे उरत नाही.

अँटीव्हायरसचे पैसे. विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ आधीपासून असते, फुकट असते आणि घरच्या वापराला पुरते. दुसरा अँटीव्हायरस टाकला की ती मागे हटते, आणि वर्षाने नव्या अँटीव्हायरसची मुदत संपली की लाल पाट्या सुरू होतात. तुम्हाला हवाच असेल तर घ्या, पण विंडो मारण्याच्या पॅकेजात गपचूप घातलेला घेऊ नका.

ऑफिसचे पैसे, आणि इथे नुकसान मोठं होतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच नव्या लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस येतं. विंडोज सुरू केल्यापासून 180 दिवसांच्या आत ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चढवावं लागतं, नाहीतर हक्क जातो. नवा लॅपटॉप आणला, दुकानदाराने क्रॅक ऑफिस टाकून दिलं, तुम्ही वर्षभर तेच वापरलं, की पैसे देऊन घेतलेलं ऑफिस वाया गेलं. खोक्यावरचं लेबल वाचा. वर्ड उघडून ‘फाइल’मध्ये ‘अकाउंट’ बघा, तिथे तुमचाच ईमेल हवा.

एसएसडी. खर्च करायचाच असेल तर इथे करा. 256 जीबीची साधी साटा एसएसडी दोन ते साडेतीन हजारांच्या दरम्यान धरून चाला. 2025 च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्हींचे भाव चढे आहेत, त्यामुळे शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी कितीला घेतली यावर घासाघीस करू नका. त्याच दिवशी दोन दुकानांत विचारा. बसवून, जुन्या डिस्कवरचं सगळं त्यात उतरवून देण्याचे किती, हे आधीच एका आकड्यात ठरवा. आणि जुनी डिस्क परत मागा. ती तुमची आहे, तिच्यावर तुमच्या आधार-पॅनच्या स्कॅन प्रती आहेत. ती दुकानाच्या खणात पडून राहता कामा नये.

मोठ्या जागेच्या स्वस्त पेन ड्राइव्हच्या नादी लागू नका. पाचशे रुपयांत ‘2 टीबी’ येत नाही. अशा पेन ड्राइव्हमध्ये खरी जागा काही जीबीचीच असते. फाइली कॉपी झाल्यासारख्या वाटतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नाही.

खातं कुणाचं?

एवढा भाग दोनदा वाचा. लोधीखेड्याकडे माझा आतेभाऊ राहतो. त्याच्या लॅपटॉपवर संत्र्याच्या बागेचा तीन वर्षांचा हिशोब होता: कोणत्या गाडीत किती माल गेला, कोणत्या मजुराचे किती राहिले, औषधाची उधारी. मुलाचा बारावीचा प्रोजेक्ट होता. लग्नाचे फोटो होते. एके दिवशी बायोसमध्ये काहीतरी बदललं आणि सकाळी निळा पडदा आला: 48 आकड्यांची रिकव्हरी की टाका. खाली कोणत्या खात्यात ती की आहे त्याची अर्धवट खूण होती, ईमेलची पहिली दोन अक्षरं. ती अक्षरं त्याच्या नावाची नव्हती. लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने ‘लवकर होते भाऊ’ म्हणत स्वतःच्या ईमेलवर विंडोज सुरू करून दिली होती. तोवर तो पोरगा तिथे नव्हता आणि तो पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता. सगळं गेलं. हिशोबाची वही पुन्हा लिहायला त्याला पूर्ण दिवाळी लागली, आणि फोटो तर परत आलेच नाहीत. मला त्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून काही करता आलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

याला बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉप चोरीला गेला तर तुमच्या फाइली चोराला वाचता येऊ नयेत म्हणून डिस्क कुलूपबंद होते. नव्या विंडोज 11 लॅपटॉपवर ही कुलूपबंदी बहुधा आपोआप चालू होते. सोय चांगली आहे, किल्ली मात्र तुमच्याकडे हवी.

करायचं काय: घरूनच, मोबाइलवर, स्वतःच्या नावाचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडा. फुकट आहे, कागदपत्र लागत नाही, फक्त ईमेल आणि मोबाइल नंबर. दुकानात मशीन सुरू करताना तेच खातं स्वतःच्या हाताने टाका. जुनं मशीन असेल तर सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘युवर इन्फो’ उघडून कुणाचा ईमेल दिसतो ते आजच बघा. मग मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवर आपल्या खात्यातल्या ‘डिव्हायसेस’ विभागात जाऊन त्या मशीनची रिकव्हरी की शोधा आणि 48 आकडे कागदावर छापून समग्र आयडी आणि जमिनीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. दुरुस्तीला देण्याआधी, बायोस बदलण्याआधी, मिंट टाकण्याआधी ही की हाताशी हवीच.

‘फॉरमॅट मारा लागन, डाटा आहे का काही?’ असं दुकानात विचारतात, आणि आपण मान हलवतो. कुठे कुठे आहे ते आपल्यालाही ठाऊक नसतं. घरीच बघा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, क्रोममधले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या पावत्या. पेन ड्राइव्हवर एक प्रत, दुसऱ्या ठिकाणी आणखी एक. कॉपी झाली की पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाइली उघडून बघा.

मराठी टाइप करायला किती? शून्य

‘मराठी सॉफ्टवेअर’चे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. विंडोजमध्ये 2019 पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. तिथे मराठी जोडा, मग मराठीच्या तीन टिंबांवरून पर्याय उघडून ‘फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत ‘नमस्कार’ टाइप केलं की देवनागरीत येतं. भाषा बदलायला खिडकीचं बटण आणि स्पेस. गूगलचं जुनं इनपुट टूल पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरतं, पण विंडोजसाठी ते देणं गूगलने कधीच थांबवलंय. ती प्रत कुठून आली, हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या भागात एक अडचण खास आहे. सगळं टायपिंग हिंदीत बसवलेलं असतं, आणि मग अर्जात ‘काळे’चं ‘काले’ होतं, ‘जामसावळी’चं ‘जामसांवली’. पुढे आधार, अंकसूची आणि सातबाऱ्यावरचं किंवा खसऱ्यावरचं नाव जुळत नाही आणि दुरुस्तीच्या फेऱ्या सुरू होतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ळ आहे: शिफ्ट आणि एन. ‘दऱ्या’मधला अर्धा र हवा असेल तर शिफ्ट आणि जे, मग डी, मग य. कियोस्कवाल्याला ही दोन बटणं दाखवा आणि ‘जमा करा’ दाबण्याआधी पडद्यावर स्वतःचं नाव अक्षर-अक्षर वाचा.

सीपीसीटी देणाऱ्या मुलांनो, परीक्षेत हिंदी टायपिंग युनिकोडमध्ये असतं, रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट. कृतिदेववर बोटं बसवण्यात महिने घालवू नका. कृतिदेव युनिकोड नाही. आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमचं पत्र अगम्य दिसतं. रेमिंग्टन गेल विंडोजमध्ये आधीपासून नसतं. मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडियाचं ‘हिंदी इंडिक इनपुट’ त्यासाठी आहे, तेही मोफत.

अक्षर सुबक हवं असेल तर मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे फॉन्ट फुकट उतरवता येतात. विंडोजमधला ‘मंगल’सुद्धा आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला आहे. फॉन्टच्या सीडीचे दोनशे रुपये वाचले.

एक सूचना लॅपटॉप घेणाऱ्यांना: विंडोजच्या नावापुढे ‘सिंगल लँग्वेज’ लिहिलं असेल तर पडद्यावरची भाषा सहज बदलता येत नाही. मराठी कीबोर्ड मात्र त्यातही जोडता येतो. ‘मराठी विंडोज’साठी नवी विंडोज विकत घेण्याआधी तुम्हाला मेनू मराठी हवेत की टायपिंग मराठी हवंय, ते ठरवा. बहुतेकांना टायपिंगच हवं असतं.

फुकटची रंगरंगोटी, पण कामाची

स्टार्टचं बटण मधे आवडत नसेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, बिहेविअर्स. अलाइनमेंट डावीकडे करा. वडिलांना अक्षर बारीक वाटत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये टेक्स्ट साइज वाढवा, मॉनिटर बदलू नका. संध्याकाळी डोळे चुरचुरत असतील तर डिस्प्लेमधला नाइट लाइट लावा. वॉलपेपर बदलत नसेल, कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ लिहिलेलं दिसत असेल, तर विंडोज ॲक्टिव्हेट झालेली नाही एवढंच. मशीन बिघडलेलं नाही.

मशीन सुरू व्हायला वेळ लागतो? पुन्हा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, ‘स्टार्टअप ॲप्स’, आणि रोज न लागणारं सगळं ‘डिसेबल’. यासाठी ‘पीसी बूस्टर’, ‘ड्रायव्हर अपडेटर’ असलं काही उतरवू नका. ते फुकट तपासतात, शेकडो चुका दाखवतात आणि दुरुस्तीला पैसे मागतात.

कियोस्क आणि दुकानवाल्यांनो, छपाई दरवेळी भलत्या प्रिंटरवर जात असेल तर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि आपला प्रिंटर कायमचा ठरवा. खिडकीचं बटण आणि व्ही दाबलं की शेवटच्या 25 कॉपी केलेल्या गोष्टी दिसतात. एकाच अर्जदाराचा समग्र आयडी आणि मोबाइल नंबर दहा वेळा टाइप करावा लागत नाही. पण गिऱ्हाईक गेलं की ती यादी पुसा, त्यात दुसऱ्याचे आधार क्रमांक राहतात. खिडकी, शिफ्ट आणि एस दाबून पडद्याचा हवा तेवढाच तुकडा कापता येतो. ₹ हवा असेल तर इंग्रजी-भारत कीबोर्डवर उजवं ऑल्ट आणि 4.

मुलांसाठी वेगळं, साधं खातं उघडा, ॲडमिनचा अधिकार न देता. खेळासोबत येणारी निम्मी घाण त्यानेच अडते.

इंटरनेटचा आणि विजेचा खर्च

घरात फायबर नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर हा हिशोब आधी करा. मिंटची फाइल सुमारे 3 जीबीची, विंडोज 11 ची त्याहून बरीच मोठी. दिवसाच्या दीड-दोन जीबीत ती बसत नाही. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून 16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून आणा, फाइल मात्र मूळ वेबसाइटवरूनच उतरवायची. हॉटस्पॉटचं वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा, म्हणजे मोठी अपडेट गुपचूप डेटा खाणार नाहीत. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बंद करा, नाहीतर तुमचा डेटा दुसऱ्यांच्या मशीनला अपडेट पाठवण्यात जाऊ शकतो.

वनड्राइव्हकडे लक्ष ठेवा. फुकट जागा 5 जीबी. वनड्राइव्ह डेस्कटॉप आणि फोटो आपोआप वर चढवायला लागतं, जागा महिन्याभरात भरते आणि मग पैसे मागणाऱ्या पाट्या येतात. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपसाठी फक्त डॉक्युमेंट्स ठेवा. पण बंद करताना फाइली मशीनवर आहेत की नुसत्या ढगाचं चिन्ह दिसतंय, ते तपासा. ढग असेल तर आधी उतरवून घ्या.

वीज जाण्याची भीती असेल तर अपडेट दुपारच्या वादळी हवेत लावू नका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, डेस्कटॉपला यूपीएस हवा. यूपीएस दोन वर्षांत ढिला पडला तर नवा घेण्याआधी आतली बॅटरी बदलून मिळते का विचारा, ते बरंच स्वस्त पडतं. कामाच्या वेळेत मशीन स्वतःहून रीस्टार्ट होऊ नये म्हणून ‘ॲक्टिव्ह अवर्स’ भरा. अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवूनही ठेवता येतात.

नागपूर की गावातच?

सुट्टा भाग घ्यायला नागपूर स्वस्त पडतं हे खरं, पण सीताबर्डीपर्यंतचे सत्तरेक किलोमीटर, एसटी किंवा पेट्रोल, आणि अख्खा दिवस, हे त्यात धरा. एका एसएसडीसाठी जाऊ नका. पूर्ण मशीन घ्यायचं असेल तर जा. वॉरंटी राज्याच्या सीमेवर थांबत नाही, मात्र सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा.

सीमेवरच्या व्यापाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तुमचा जीएसटी नंबर मध्य प्रदेशचा असेल तर नागपूरच्या दुकानात तो नंबर आणि पांढुर्णा जिल्ह्याचा पत्ता देऊन आयजीएसटीचं बिल मागा. महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावलेलं बिल घेतलं तर त्याचं क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. कॉम्प्युटरवर 18 टक्के जीएसटी आहे, पन्नास हजारांच्या मशीनवर ही रक्कम किती होते ते काढून बघा. पत्त्यात अजून छिंदवाडा जिल्हा लिहिलेला असेल तर आधी नोंदणी बघून घ्या. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तरी अनेकांच्या जुन्या कागदांवर जुनाच जिल्हा आहे.

‘बिल पाहिजे तर अठरा टक्के जास्त’ हे वाक्य ऐकलं की बिल घ्याच. बिलावर सीरियल नंबर, वॉरंटीचे महिने, आणि टाकलेल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहून घ्या. दुरुस्तीला देताना साधी चिठ्ठी तरी हवी: मशीनचं मॉडेल, सीरियल नंबर, आत किती रॅम, कोणती डिस्क, ठरलेली रक्कम, परत देण्याची तारीख. रॅम-डिस्कचा फोटो समोरच काढा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, पण बिलाशिवाय तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

वेळ निवडा. मे ते जुलै प्रवेशाचे अर्ज चालू असतात, दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, त्या दिवशी तिकडे मशीन घेऊन जाऊच नका. सकाळी दुकान उघडताच गेलात तर समोर बसून काम करून घेता येतं, आणि समोर बसणं हीच सगळ्यात चांगली काळजी.

मशीन परत घेताना तिथेच सुरू करा. खात्यात तुमचा ईमेल, विंडोजवर ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’, टास्क मॅनेजरमध्ये आधीइतकीच रॅम, डॉक्युमेंट्समध्ये तुमच्या फाइली, एक मराठी ओळ टाइप करून, एक पान छापून बघा. आणि चार्जर. अदलाबदल त्याची लगेच होते. आपल्या नावाची पट्टी त्यावर चिकटवून मगच दुकानात न्या.